रियान मलानचं ‘माय ट्रेटर्स हार्ट’ ग्रुपमध्ये कसं वाचायचं: गोव्यातल्या वाचकांसाठी

सरळ मुद्द्यावर येते. रियान मलानचं ‘माय ट्रेटर्स हार्ट’ हे दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाबद्दलचं, तिथल्याच एका गोऱ्या माणसानं लिहिलेलं, १९९० साली आलेलं इंग्रजी पुस्तक तुमच्या वाचन ग्रुपमध्ये घ्यायचं असेल तर आधी थोडी तयारी करा, कारण हे वाचताना माणूस दोनपैकी एका खड्ड्यात हमखास जातो. एक म्हणजे लेखकाचीच कीव करत बसणं, बिचारा किती तळमळतोय वगैरे. दुसरं म्हणजे "कसले ते गोरे, छे" म्हणून हात झटकायचे आणि आपण स्वच्छ आहोत असं समजून पुस्तक मिटायचं. दोन्हीत वाचणाऱ्याचं काहीच हलत नाही. आम्ही फोंड्याकडचे काहीजण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी सोप्यावर नाहीतर राजांगणात बसतो, बहुतेक मराठी वाचणारे, इंग्रजी पुस्तक म्हटलं की जरा बिचकणारे, आणि तरीही आमच्याकडं सगळ्यात जास्त बोलणं झालं ते याच पुस्तकावर. त्यातून जी पद्धत बसली ती इथं लिहितेय, तुमच्या ग्रुपला जशी जमेल तशी वाकवून घ्या.

आधी हे पुस्तक का, ते सांगते. मराठीत आपण आत्मकथनं भरपूर वाचलीयत, १९७८ ला दया पवारांचं ‘बलुतं’ आलं आणि त्यानंतर एकामागून एक येत राहिली, ज्यांनी सोसलं त्यांनी लिहिलं आणि आपण वाचलं, रडलो, पुरस्कार दिले. पण ज्यांच्या घरातून ते सोसायला लावलं गेलं, त्या घरातल्या कुणी बसून आपल्या घराचा हिशोब मांडलाय असं आपल्याकडं फार कमी. मलाननं तो मांडलाय. सगळा बरोबर मांडलाय असं मी म्हणणार नाही, पण मांडलाय.

लेखक कोण ते पहिल्या बैठकीतच सांगून टाका, सस्पेन्स ठेवू नका. जन्म १९५४, जोहान्सबर्ग. आफ्रिकानेर, म्हणजे डच, फ्रेंच, जर्मन वसाहतवाल्यांचे वंशज, ज्यांची भाषा आफ्रिकान्स. घराण्यातला पहिला जाक मलान १६८८ साली फ्रान्समधून धर्माच्या छळाला कंटाळून दक्षिण आफ्रिकेतल्या केपला पोचला, म्हणजे स्वतः छळ सोसून पळालेला माणूस, हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडतं. याच घराण्यातले डी. एफ. मलान १९४८ ची निवडणूक जिंकून पंतप्रधान झाले आणि त्यांच्या सरकारनं वर्णभेद कायद्यात बसवला. आपला रियान ‘द स्टार’ या पेपरात क्राइम रिपोर्टर होता, रोज खून, रोज प्रेतं. गोऱ्या तरुणांना तिथं सक्तीनं लष्करात जावं लागायचं आणि हा १९७७ ला देश सोडून पळाला, आठेक वर्षं अमेरिकेत राहिला, मग १९८० च्या दशकाच्या मध्यावर परत आला. पळण्याचं कारण तो जे देतो ते ग्रुपमध्ये मोठ्यानं वाचून दाखवा, त्याचा अर्थ असा की वर्णभेदासाठी बंदूक उचलायची नव्हती म्हणून पळालो, आणि वर्णभेदाविरुद्ध उचलायची नव्हती म्हणूनही पळालो. यातलं पहिलं कारण सगळेच सांगतात. दुसरं सांगायला हिंमत लागते. अख्खं पुस्तक या दुसऱ्या कारणावर उभं आहे, आणि वाचताना हाच धागा हातात धरून ठेवायचा.

तारखांचा कागद

एक मोठा चार्टपेपर आणा आणि तीन रकाने आखा. पहिला दक्षिण आफ्रिका, दुसरा मलान, तिसरा गोवा. हे शाळेतल्या प्रोजेक्टसारखं वाटेल पण करा, कारण त्याशिवाय हे सगळं कुठंतरी लांब, कधीतरी घडलेलं वाटत राहतं.

उदाहरण देते. १९४६ ला भारतानं दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि तिथल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीची तक्रार युनोत नेली, तिसऱ्या रकान्यात त्याच वर्षी १८ जून, मडगावात लोहियांची पोर्तुगीज राजवटीविरुद्धची सभा. १९५० ला तिकडं दोन मोठे कायदे झाले, एकानं प्रत्येक माणसाची वंशाप्रमाणं नोंद केली आणि दुसऱ्यानं कुठल्या रंगाच्या माणसानं कुठल्या भागात राहायचं ते ठरवलं. १९५३ ला काळ्या मुलांसाठी वेगळं शिक्षण, मुद्दाम कमी दर्जाचं. २१ मार्च १९६० शार्पव्हिल, पासबुकाविरुद्ध, म्हणजे काळ्या माणसांना सतत जवळ बाळगावं लागणाऱ्या परवान्याविरुद्ध, जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, ६९ मेले. १९६१ च्या मे महिन्यात दक्षिण आफ्रिका प्रजासत्ताक होऊन कॉमनवेल्थमधून बाहेर, आणि डिसेंबरची १९ तारीख, गोवा मुक्तीची, तुम्हाला सांगायला नको. १९७४ ला भारत डेव्हिस कपच्या फायनलला पोचला होता आणि समोर दक्षिण आफ्रिका होती म्हणून खेळलाच नाही, कप सोडून दिला. १६ जून १९७६ सोवेटो, शाळेत आफ्रिकान्स लादली म्हणून मुलं रस्त्यावर आली आणि पोलिसांनी मुलांवर गोळ्या घातल्या. त्याच १९७६ ला आपल्याकडं कूळकायद्याची पाचवी दुरुस्ती झाली आणि जमीन कसणारं कूळ मालक मानलं गेलं. १९७७ च्या सप्टेंबरात वर्णभेदाविरुद्ध लढणारा काळा नेता स्टीव्ह बिको पोलिसांच्या ताब्यात मेला, मलान पळाला तेही याच वर्षी. १९८३ च्या नोव्हेंबरात कॉमनवेल्थचे सगळे राष्ट्रप्रमुख दिल्लीहून आग्वादला आले होते, आमच्या ग्रुपमधल्या ज्येष्ठांना ते चांगलंच आठवतं, रस्ते कसे रातोरात चकाचक झाले होते. पुस्तकाच्या शेवटच्या भागात ज्याचा खून होतो तो नील अल्कॉक त्याच १९८३ ला मेला. हे शेजारी शेजारी लिहिलं की बोलणं आपोआप सुरू होतं, काका-मावशी स्वतःच सांगायला लागतात की अमक्या वर्षी आम्ही कुठं होतो आणि पेपरात काय वाचलं होतं.

आणि एक सूचना, अगदी कळकळीनं. तिसऱ्या रकान्यात १९८६-८७ चं भाषेचं आंदोलन येणारच, आणि सोवेटोही भाषेवरून पेटलं होतं म्हणून कुणीतरी दोन्ही जोडायला जाणार. तिथं थांबवा. सोवेटोत निशस्त्र शाळकरी मुलांवर सरकारनं गोळीबार केला होता. आपलं मराठी-कोकणी भांडण आपल्या जागी, ते पुन्हा कधीतरी भांडू, पण या कागदावर नको, नाहीतर अख्खी संध्याकाळ त्यातच जाईल आणि मलान कोपऱ्यात पडून राहील.

वही कशी ठेवायची

प्रत्येकानं एक वही ठेवायची आणि वाचताना फक्त तीन प्रश्न विचारायचे: या माणसाला काय माहीत होतं, कधी कळलं, आणि कळल्यावर त्यानं काय केलं. बस. त्याला काय वाटलं, किती वाईट वाटलं, रात्री झोप लागली की नाही, ते लिहायचंच नाही. अशा पुस्तकांत ‘वाटलं’ भरपूर असतं आणि वाचणारा त्या वाटण्यातच वाहून जातो. मलान तर शब्दांचा जबरदस्त माणूस आहे, पानामागून पान स्वतःला झोडत जातो, आणि स्वतःला झोडून घेणाऱ्या माणसावर आपला पटकन विश्वास बसतो. म्हणून वही. ‘केलं’चा रकाना किती पानं रिकामा राहतो ते बघा.

लहानपणाच्या भागात हे सगळ्यात चांगलं दिसतं. गोऱ्यांच्या वस्तीतलं घर, बाग, आणि घरात काम करणारी काळी माणसं ज्यांच्यावर या पोराचा जीव आहे. आता इथं ग्रुपला थोडी बाहेरची माहिती द्या. त्या कायद्यांखाली काळा माणूस गोऱ्या भागात राहू शकायचा तो फक्त नोकर म्हणून, पासबुकावर मालकाची सही असेल तरच, राहायला परसातली एक खोली, आणि बाईची स्वतःची पोरं लांब गावी आजीकडं. म्हणजे जी बाई गोऱ्या बाळाला अंगाखांद्यावर खेळवतेय तिचं स्वतःचं बाळ तिला वर्षातून एखाद्या वेळेला दिसायचं. आणि जेवणाची भांडी वेगळी. पत्र्याची ताटली, पत्र्याचा मग, तिच्यासाठी बाजूला ठेवलेला. त्या काळच्या गोऱ्या घरांबद्दल ज्यांनी ज्यांनी लिहिलंय त्यांच्याकडं हा मग कुठं ना कुठं येतोच.

इथं पुस्तक खाली ठेवायचं आणि दहा मिनिटं कुणीच काही बोलायचं नाही, फक्त आपापल्या घरातला कप आठवायचा. मागच्या दाराच्या पायरीवर, नाहीतर न्हाणीच्या कठड्यावर पालथा घातलेला स्टीलचा पेला, कान तुटलेला कप, कामाला येणाऱ्या बाईचा, नारळ पाडायला येणाऱ्या पाडेल्याचा. पूर्वी करवंटीतून चहा द्यायचे हे आमच्या ग्रुपमधल्या एका आजींनी सांगितलं, आणि चहा वरून ओतायचा, भांड्याला भांडं लागता कामा नये. त्या हे सांगत असताना त्यांच्या सूनबाईंनी विचारलं, "आई, त्या बाईचं नाव काय होतं?" आजींना नाव आठवेना, नवऱ्याचं नाव आठवलं, वाडा म्हणजे वस्ती आठवली, तिचं नाव नाही. "कोण जाणे गे, आम्ही तिला वाड्यावरची म्हणायचो." बास, वहीत हे लिहा, नुसतं असं सांगितलं होतं त्यांना, आणि आजींनी स्वतः लिहून घ्यायला लावलं, याबद्दल मला त्यांचं खरंच कौतुक वाटतं.

मधला भाग, जिथं लोक घाबरतात

पुस्तकाचे तीन भाग आहेत आणि मधला भाग खुनांच्या गोष्टींचा. प्रकाशकाला त्यानं मलान घराण्याचा इतिहास लिहून देतो असं सांगितलं होतं, आणि तो घराण्याचा भाग आहेही, त्यातला १७८८ चा डाविड मलान तर विसरता येत नाही, जो शेजारच्या मालकाची सारा नावाची गुलाम बाई घेऊन, शेतीवाडी, बायको, अब्रू सगळं सोडून पळाला आणि नंतर सरहद्दीवर कट्टर बोअर, म्हणजे आफ्रिकानेर शेतकरी, म्हणूनच पुन्हा सापडतो. एका काळ्या बाईसाठी सगळं सोडलेला माणूस असा का झाला, याचं उत्तर कागदपत्रांत नाही, आणि रियानला वाटतं की हाच आपल्या सगळ्या जमातीचा प्रश्न आहे. पण परत आल्यावर त्यानं घराण्याचा इतिहास बाजूला ठेवला आणि आपल्या देशात माणसं एकमेकांना कशी मारतात ते लिहायला घेतलं.

एका ठिकाणी मांस भाजायची पार्टी चालू असताना गोरी माणसं एका काळ्या माणसाला जीव जाईपर्यंत मारतात. डेनिस मोशेश्वे त्याचं नाव. हा भाग मोठ्यानं वाचू नका, घरून वाचून या म्हणावं, पण नाव मात्र सगळ्यांनी वहीत लिहायचं.

सगळ्यात जास्त वेळ द्या सायमन म्पुंगोसेला. झुलुलँडमधलं एम्पांगेनी नावाचं गाव, तिथं हा रात्री गोऱ्यांच्या घरात शिरायचा आणि झोपलेल्या माणसांना हातोड्यानं मारायचा. तुरुंगात असताना दगड फोडायची शिक्षा होती, तेव्हा त्याला स्वप्न पडलं की हे दगड म्हणजे गोऱ्या माणसांची डोकी आहेत. कोर्टात त्यानं स्वतःच सांगितलं की मला फाशी द्या. आधी मलान ही गोष्ट अशी सांगतो की वाचणाऱ्याला वाटतं, झालं, वर्णभेदानं माणसाचं काय केलं बघा. मग तो त्याच्या गावाकडं जातो, नातेवाइकांशी बोलतो आणि घराण्यातली जुनी निषिद्ध नात्याची भानगड, त्यामुळं लागलेला बट्टा, वाळीत पडणं असं सगळं बाहेर येतं आणि पहिली गोष्ट मोडते.

आता इथं ग्रुपमध्ये हमखास दोन तट पडतात. अर्ध्यांना वाटतं लेखक प्रामाणिक आहे, सोप्या उत्तरावर थांबला नाही. अर्ध्यांना वाटतं बघा, शेवटी गोराच, खुनाचं कारण फिरवून काळ्यांच्याच चालीरीतींवर नेऊन ठेवलं. माझं मत विचाराल तर दोन्ही खरं आहे आणि दुसरं जरा जास्त खरं आहे. सायमनला पोरवयापासून तुरुंगात घालणारं राज्य गोऱ्यांचं होतं, दगड फोडायला लावणारं तेच होतं, आणि घराण्याला लागलेला बट्टा कितीही खरा असला तरी हातोडा पडला तो गोऱ्या माणसांच्याच डोक्यावर. मलान हे लपवत नाही, पण त्याचा आवाज त्या गूढ गोष्टीपाशी जरा जास्त रंगतो. तो आवाज कुठं रंगतो आणि कुठं कोरडा होतो ते पेन्सिलनं खुणा करत वाचा.

आणि भीती. १९८५ ला काही जिल्ह्यांत आणि १९८६ ला देशभर आणीबाणी लागली, टाउनशिप, म्हणजे काळ्यांच्या वेगळ्या वस्त्या, पेटल्या होत्या, काळ्या संघटनांच्या आपसातल्या मारामाऱ्यांतही माणसं जाळली जात होती, आणि मलान कबूल करतो की मला काळ्या माणसांची भीती वाटते. कबुली खरी आहे आणि पुस्तकाचं बळही तिच्यातच आहे. पण वाचणाऱ्याला ती लागते हो, साथीसारखी, आणि नकळत आपण त्याच्या खिडकीतून बाहेर बघायला लागतो. हे टाळायचं कसं तर गोव्यातलीच गोष्ट समोर ठेवा. २०१३ ला पर्रा इथं एका नायजेरियन माणसाचा खून झाला, मग पर्वरीला त्याच्या देशबांधवांनी हायवे अडवला, आणि त्यानंतर काही दिवस आपल्याकडं काय काय बोललं गेलं ते आठवा, यांना घरं भाड्यानं देऊ नका, हे सगळे ड्रग्जवाले, आणि एका मंत्र्यानं तर कॅन्सरची उपमा दिली. मेलेला माणूस त्यांचा होता आणि भीती आपल्याला वाटत होती. हे एकदा आठवलं की मलानचा मधला भाग वाचताना डोकं ताळ्यावर राहतं.

अजून एक नियम करा. पुस्तकात काळ्या माणसांसाठी गोरे जी शिवी वापरायचे ती सारखी येते. मोठ्यानं वाचताना ती गाळायची, त्या जागी थांबायचं आणि पुढं जायचं. आपल्या तोंडाला तिची सवय लावून घ्यायची काही गरज नाही.

सोबत दुसरं पुस्तक हवंच

फक्त मलान वाचून दक्षिण आफ्रिका कळली असं होत नाही. सोबत एखाद्या काळ्या लेखकाचं आत्मकथन घ्या. ब्लोक मोडिसानेचं १९६३ चं घ्या, जोहान्सबर्गची सोफियाटाउन वस्ती बुलडोझरनं पाडली त्यावर आहे, तोही पत्रकार होता. नाहीतर एलेन कुझवायोचं १९८५ चं, म्हणजे बाई काय सांगते तेही येतं, मलानच्या पुस्तकात काळ्या बायका बहुतेक ठिकाणी लांबूनच दिसतात. अर्ध्यांनी एक वाचायचं, अर्ध्यांनी दुसरं, आणि बैठकीत एकमेकांना सांगायचं. ज्यांना आफ्रिकानेर बाजूच पुढं बघायचीय त्यांनी आन्ट्यी क्रोगचं १९९८ चं पुस्तक बघावं, तीसुद्धा आफ्रिकानेर, कवयित्री, आणि डेस्मंड टुटूंच्या अध्यक्षतेखाली १९९६ पासून सत्यशोधन आयोगापुढं ज्या साक्षी झाल्या त्या तिनं रेडिओसाठी कव्हर केल्या होत्या. मलानला एकट्यानं जे करावं लागलं ते तिथं अख्ख्या देशासमोर झालं, मारणारे आणि मेलेल्यांचे आईबाप एकाच हॉलमध्ये.

इंग्रजी जड जात असेल तर घाबरू नका. वाचायचं इंग्रजीत, बोलायचं मराठीत, आणि घरी जाऊन आईला सांगायचं कोकणीत. पणजीला पाट्टोवरच्या सेंट्रल लायब्ररीत चौकशी करा, नाहीतर ई-बुक. एका बैठकीला एक भाग पुरे, मधल्या भागाला दोन बैठका.

आता आपल्या घरी

हा टप्पा गाळला तर बाकी सगळी मेहनत वाया. मलाननं आपल्या घराण्याचे कागद काढले तसे आपणही काढायचे, आणि गोव्यात हे बाकी ठिकाणांपेक्षा सोपं आहे कारण आपल्याकडं कागद आहेत.

सगळ्यात सोपा कागद म्हणजे वन-फोर्टीन, जमिनीचा मालक, कूळ वगैरे दाखवणारा सरकारी उतारा. प्रत्येक गोंयकाराच्या घरात असतोच, नसला तर सर्व्हे नंबर घालून ऑनलाइन बघता येतो. आपण तो बघतो ते आपलं नाव आहे ना एवढ्यासाठी. आता या वेळेला आपलं नाव सोडा आणि कुळाचा रकाना बघा, मग इतर हक्कांचा. कुणाचं नाव आहे तिथं? ते घर कुठल्या वाड्यावर? त्यांची आणि आपली केस चालली होती का, मामलेदाराकडं किती वर्षं? मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा, आणि १९७५ चा मुंडकार कायदा यायच्या आधी भाटकारानं, म्हणजे जमीनमालकानं, ऊठ म्हटलं की उठायचं, तर आपल्या आजोबांनी कुणाला उठवलं का? आणि रकाना रिकामा असेल तर तो खरंच रिकामा आहे की कुणी रिकामा करून घेतला? आमच्यातल्या दोघा-तिघांच्या घरी हे विचारल्यावर बरेच दिवस बोलणं बंद होतं, हे आधीच सांगून ठेवते.

तुमचं घर कुळाच्या बाजूचं असेल तर तुमच्याकडं दुसऱ्या बाजूची गोष्ट आहे आणि ती ग्रुपमध्ये आधी ऐकायची. हा क्रम पाळा. भाटकाराच्या घरातली माणसं बोलायला सराईत असतात, त्यांना आधी बोलू दिलं की बैठक त्यांच्या पश्चात्तापावरच संपते.

दुसरा कागद देवळातला. महाजनांची यादी, पोर्तुगीजांनी १९३३ ला माझानियांचा, म्हणजे देवळांच्या महाजनमंडळांचा, कायदा केला तेव्हापासून देवळांचा कारभार त्यावर चालतो आणि महाजनकी बापाकडून मुलाकडं जाते. त्या यादीत कुठली आडनावं आहेत आणि जत्रेला ढोल वाजवणारे, दिवट्या धरणारे, अंगण सारवणारे कोण आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. ख्रिस्ती मित्र-मैत्रिणी ग्रुपमध्ये असतील तर त्यांनाही विचारा, कोफ्रारी, म्हणजे चर्चमधलं मंडळ, कुणाची, पूर्वी तांबडा झगा कुणी घालायचा आणि निळा कुणी, बामण-चार्दो-सुदीर असा जातिभेद तिकडंही होताच. आणि गावडे, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमात म्हणून मान्यता मिळाली ती २००३ ला, मुक्तीनंतर चाळीस वर्षांनी. त्यानंतर ठरलेले हक्क मिळेनात म्हणून २५ मे २०११ ला बाळ्ळीला आंदोलन झालं आणि दोन तरुण आगीत जळून गेले. हे तारखांच्या कागदावर तिसऱ्या रकान्यात यायलाच हवं.

कुणीतरी म्हणणार, "आपलं आणि त्यांचं सारखं नाही, तिकडं कायदाच होता." बरोबर आहे, सारखं नाही. केसांत पेन्सिल अडकते की पडते यावरून माणसाचा वंश ठरवणारं सरकार आपल्याकडं नव्हतं. पण तिकडं कायदा होता म्हणून १९९० च्या फेब्रुवारीत मंडेला सुटले, पुढं कायदे मोडीत निघाले आणि १९९४ च्या एप्रिलमध्ये सगळ्यांनी मतदान केलं, दिवस सांगता येतो. पायरीवरचा पेला कुठल्या तारखेला घरात आला ते आपल्याला सांगता येतं का, एवढंच त्यांना विचारा आणि पुढं चला, वाद वाढवू नका.

शेवटचा भाग

तिसरा भाग मोठ्यानं वाचायचा, आळीपाळीनं, आणि त्यासाठी एक अख्खी दुपार मोकळी ठेवा. नील आणि क्रीना अल्कॉक, गोरं जोडपं, म्सिंगा नावाच्या कोरड्या, दगडाळ, भांडणांनी पोखरलेल्या झुलू मुलखात जाऊन राहिलेलं. मातीच्या घरात राहायचे, जमीन वाचवायचा, गुरं नीट पाळायचा प्रयत्न, मुलं झुलू बोलत वाढली. दोन भांडणाऱ्या गटांत समेट घडवून परत येताना नीलला गोळ्या घालून मारलं. क्रीना तिथंच राहिली. ज्यांच्यासाठी आयुष्य घातलं त्यांच्यातल्याच काहींनी पुढं तिला लुबाडलं, फसवलं, तरी राहिली. मलान तिच्याकडं जातो तो उत्तर मागायला, आणि ती त्याला विजयाची गोष्ट सांगत नाही. हरल्याचं सांगते, आणि हरूनही प्रेम करत राहण्याबद्दल बोलते. हा भाग वाचताना वहीतला ‘केलं’चा रकाना पहिल्यांदा भरतो, आणि तो भरतो तो क्रीनाच्या कामानं, मलान तिथं फक्त ऐकणारा आहे. हे ग्रुपमधल्या कुणाच्या लक्षात आलं नाही तर तुम्ही दाखवून द्या, कारण मला वाटतं मलानलाही हेच सांगायचंय आणि ते तो स्वतःला मागं ठेवून सांगतो, सबंध पुस्तकात इथंच.

मग तिला संत करू नका. हा मोह फार होतो, खास करून आपल्याला, कुणी त्याग केला की लगेच हार घालायचा आणि आपण सुटलो. त्यापेक्षा विचारा की रोजचं तिचं काम काय होतं, पाणी कुठून यायचं, पैसे कोण द्यायचं, आजूबाजूचे झुलू शेजारी तिच्याबद्दल काय म्हणायचे. ज्या प्रश्नांची उत्तरं पुस्तकात मिळतात ती लिहा, बाकीच्यांपुढं जागा सोडा.

वह्यांचं काय करायचं ते आधी ठरवा. त्यात घरातली नावं असतील, कुळांची असतील, वाड्यावरच्या माणसांची असतील, कोर्टात अजून चालू असलेल्या केसेस असतील, तर त्यांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायचे नाहीत, आणि ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना न विचारता त्यावर लेखबिख तर अजिबात नाही. विचारायला जायचं असेल तर दुसऱ्या कुणाला पाठवू नका, स्वतः जा, चतुर्थीच्या गडबडीत नको, पावसाची शेतं उरकल्यावर जा, आणि त्यांनी चहा दिला तर त्यांच्या कपातून प्या.